चिलोमोनीची सकाळ

आफ्रिकेतील मलावी देशात ब्लांटायर नावाचे शहर आहे. हे नाव डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या स्कॉटलंडमधील जन्मगावाचे. शहराच्या चिलोमोनी भागातील एका शाळेत आम्ही पोहोचलो तेव्हा पुरते उजाडलेही नव्हते; पण चुली पेटल्या होत्या. सात-आठ माता मका व सोयाबीनच्या पिठाची लापशी लांब दांड्यांनी ढवळीत होत्या.

२००२ साली याच देशात 'मेरीज मील्स' या संस्थेचे शाळांतील अन्नदान अवघ्या दोनशे मुलांपासून सुरू झाले. संस्थापक मॅग्नस मॅकफार्लेन-बॅरो स्कॉटलंडचे. मरणासन्न मातेजवळ बसलेल्या एका मुलाला त्यांनी त्याची इच्छा विचारली. पोटभर अन्न आणि शाळा, एवढेच त्याने मागितले. संस्थेने पवित्र मरियेचे नाव धारण केले. आज वीस लाखांहून अधिक मुलांना ती शाळेच्या दिवशी एक वेळचे अन्न पुरविते.

परक्याच्या अन्नाने माणूस मिंधा होतो, अशी शंका मनात धरून आम्ही गेलो होतो. परंतु संस्था धान्य देते. रांधण्याचा भार गावच उचलतो. त्या माता वेतन घेत नाहीत. अन्न मिळते ते शाळेतच. म्हणून भुकेले मूल मजुरीला न जाता वर्गात येऊन बसते.

मुले पेले घेऊन रांगेत उभी राहिली. एका चिमुरडीने अर्धीच लापशी पिऊन पेला जपून झाकून ठेवला. कोणासाठी, हे आम्ही विचारले नाही. जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणताना तो पेला आजही आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो.