घाटातली माणसं आणि मोजणारा हात

लोणावळ्यातल्या स्थलांतरित मजुरांवर काम करायचं म्हटलं की बोरघाट टाळता येत नाही. रेल्वेचं काम 1856 मध्ये सुरू झालं आणि 21 एप्रिल 1863 ला घाट खुला झाला. पंचवीस बोगदे फोडणारी ती माणसं मुलाखत द्यायला उरलेली नाहीत. भिस्त लिखित साधनांवरच: 1885 चं पुणे जिल्हा गॅझेटिअर, मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचं लिखाण, इयान कर यांचा भारतीय रेल्वेच्या बांधणीवरचा ग्रंथ.

1861 मध्ये घाटात चाळीस हजारांवर माणसं राबत होती, हा आकडा पुस्तकापुस्तकांतून भेटतो. पण एकानं दुसऱ्याचं उतरवलेलं असेल तर साक्षीदार एकच. म्हणून मी मागं मागं जाते. मोजलं कुणी, आणि कशासाठी? मोजणारे रेल्वेचे लोक होते. त्यांना काम किती वेगानं सरकतंय हे दाखवायचं होतं. त्यामुळे चढ आणि बोगद्यांची लांबी बारकाईनं नोंदलेली, आणि पटकीची साथ येते ती कामात आलेला अडथळा म्हणून. किती घरं बसली, हे त्या कागदाला विचारलेलंच नव्हतं. मृतांचे जे अंदाज पुढं दिले गेले, ते मी अंदाज म्हणूनच लिहिते.

1859 मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला, सरकारी चौकशी लागली आणि मजुराचं गाऱ्हाणं कागदावर आलं. गरिबाची नोंद बहुधा तंटा झाल्यावरच होते. हा कागद मोलाचा, पण त्यावरून रोजचं जगणं रेखाटू नये. याच परिसरातलं अलीकडचं उदाहरण घ्या: 9 ऑगस्ट 2011 ला पवना जलवाहिनीच्या विरोधातल्या आंदोलनात मावळातल्या बऊरजवळ पोलिसांचा गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. तेवढ्या दिवसांची कात्रणं वाचून कुणी मावळातला शेतकरी समजला म्हणेल, तर मी ते मानणार नाही. त्याची भातलावणी, कर्ज, मुलींची लग्नं त्या कात्रणांत नाहीत.

घाटाच्या इतिहासात एका बाईचं नाव ठळक आहे: ॲलिस ट्रेडवेल. कंत्राटदार नवरा 1859 मध्ये वारल्यावर तिनं कंत्राट पुरं करून घेतलं. करारावर सही असल्यानं ती सापडते. टोपल्या वाहणाऱ्या बायकांना सही नव्हती. त्यांच्यासाठी मी आता रेल्वेचे कागद बाजूला ठेवून, जिथून त्यांची कुटुंबं उठून आली त्या तालुक्यांची महसुली दप्तरं चाळायला घेतली आहेत.