चाकाखालचे लिंबू

आपल्याकडे गाडी घरी आली की तिच्या चाकाखाली लिंबू ठेवतात आणि ते चिरडून गाडी पुढे नेतात. अमेरिकेत मात्र घेतल्यावर जी गाडी डोक्याला ताप होऊन बसते, तिलाच 'लिंबू' म्हणतात. एकाच फळाच्या वाट्याला दोन देशांत किती निराळे नशीब यावे! २०२४ च्या पावसाळ्यात या दोन्ही लिंबांशी माझी गाठ पडली. त्याचीच ही हकीकत.

आमचे घर काचीगुड्याला. बाबा मूळचे उदगीरचे; बेगम बाजारातल्या एका पेढीवर हिशेब लिहितात. आई बिदरची, तिची मातृभाषा कन्नड. निजामी राज्यातले जे मराठी आणि कन्नड जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी वेगवेगळ्या राज्यांत गेले, ते आमच्या स्वयंपाकघरात अजून एकत्र नांदतात. मी मराठी शाळेत शिकलो, आईशी कन्नड बोलतो आणि रस्त्यावर उतरलो की दखनी.

आई जेवणाचे डबे आणि सणासुदीचा फराळ करून देते. हा सगळा माल आमच्या जुन्या स्कूटरवरून जाई. पुढे चकल्यांचा डबा, मागे चिवड्याचा, मध्ये मी. जुलैत एका मुसळधार संध्याकाळी नल्लाकुंट्याच्या एका घरी आम्ही चिवडा पोहोचवला तेव्हा तो चिवडा राहिला नव्हता, त्याचा उपमा झाला होता. त्या रात्री बाबांनी जाहीर केले, "एक जुनी गाडी घेऊ."

पैसा कुठून आणायचा? माझ्या नावाने एक आवर्ती ठेव होती. मी सी. ए. करावे म्हणून आईबाबांनी दरमहा टाकून ती दोन लाखांपर्यंत आणली होती. बाबा म्हणाले, "पैसे तुझे जाणार, तर डोकंही तुझंच लागू दे. कॉमर्स शिकतोस ना?"

आधी स्कूटर विकायची ठरली. ते काम माझ्याकडे आले आणि मी ते मोठ्या हुशारीने पार पाडले, असे तेव्हा मला वाटले होते. स्कूटर सुरू केली की निळसर धूर टाकी. निळा धूर म्हणजे इंजिनात ऑइल जळते आहे. एका मित्राने उपाय सांगितला, "जाड ऑइल टाक, आणि गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी फिरवून गरम करून ठेव. धूर दिसणार नाही." मी तसेच केले. अंबरपेठेचा एक मुलगा आला. माझ्याच वयाचा, घरोघर जेवण पोहोचवण्याचे काम करणारा. मी सोळा हजार सांगितले. त्याने स्कूटरभोवती एक चक्कर मारली, इंजिनावर हात ठेवला, सुरू करून ऐकले आणि म्हणाला, "चौदा." मी थोडे आढेवेढे घेऊन चौदा घेतले. नावबदलीचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म मात्र मी त्याच आठवड्यात भरून घेतले. अपघाताच्या वेळी नोंदवहीत ज्याचे नाव, तोच मालक म्हणून भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. या बाबतीत मी अगदी काटेकोर होतो, कारण त्यात फायदा माझा होता.

मग गाडीचा शोध सुरू झाला. मी वही उघडली. आयकराच्या नियमांप्रमाणे मोटारीवर दरसाल १५ टक्के घसारा, तोही उरलेल्या किमतीवर. म्हणजे २०१२ साली पाच लाखांना घेतलेली गाडी २०२४ साली पुस्तकात सुमारे ७१ हजारांची उरते. बाजारात तिलाच पावणेदोन-दोन लाख मागत होते. विम्याचा तक्ता पाहिला : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, असे करीत पाच वर्षांपर्यंत ५०. त्यापुढे तक्ता संपतो. पुढची किंमत विमा कंपनीने आणि मालकाने आपसात ठरवावी, एवढेच म्हटले आहे. माझी अडचण जिथे सुरू होत होती, नेमका तिथेच तक्त्याने हात टेकला होता.

शेवटी आईने बिदरहून मामाला बोलावले. मामाचे तिथे छोटे गॅरेज आहे. त्याने माझी वही पाहिली, हसला आणि म्हणाला, "किमतीचा आकडा शेवटी. आधी ती माणसं गाडी का विकतायत ते बघू."

पहिली गाडी मलकपेठेच्या बाजूला एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे पाहिली. पांढरी शुभ्र, २०१४ ची, काचेसारखी चकचकीत. आत शिरताच अत्तराचा घमघमाट. किलोमीटर अवघे ३८ हजार. किंमत दोन लाख दहा हजार. बाबा हरखलेच. मामाने बॉनेट उघडलेसुद्धा नाही. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि पायांकडे बघू लागला. ब्रेक आणि क्लचच्या पेडलांचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. "अडतीस हजारात एवढं झिजत नाही, दाजी," तो बाबांना म्हणाला. मग त्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. वरचा पट्टा स्वच्छ होता, पण जो भाग एरवी आत गुंडाळलेला राहतो त्यावर आडवी तपकिरी रेघ होती. सीटखालचे बोल्ट गंजले होते. शेवटी त्याने कोपऱ्यातला गालिचा उचलून आत बोट घातले. बोट बाहेर आले ते बारीक, वाळलेल्या चिखलाने माखून.

ते बोट माझ्यापुढे नाचवीत मामा म्हणाला, "कै केसरादरे, बायि मोसरु." हात चिखलात गेले तर तोंडी दही पडते, ही कन्नड म्हण आईकडून मी शंभरदा ऐकली होती, पण तिचा असा अर्थ प्रथमच पाहिला. आपल्या मराठीत त्या गाडीला 'वरून कीर्तन, आतून तमाशा' म्हणावे लागेल.

हा चिखल कुठला असावा, हे हैदराबादच्या माणसाला कोणी सांगायला नको. १३ ऑक्टोबर २०२० ची रात्र आम्हा सर्वांना आठवते. बेगमपेठेला चोवीस तासांत १९ सेंटीमीटरच्या आसपास पाऊस झाला. टोलीचौकीची नदीम कॉलनी, सरूरनगर, बंडलागुडा अशा कितीतरी वस्त्यांत पाणी शिरले. गाड्या कागदी होड्यांसारख्या वाहत गेल्या. बुडालेली गाडी धुऊन, पुसून, रंगवून पुन्हा उभी करता येते. तारांच्या जोडांत शिरलेले पाणी मात्र वर्षा-दोन वर्षांनी आपला हिशेब चुकता करते. हीच गाडी त्या रात्री बुडाली होती की आणखी कुठल्या पुरात, ते आम्हाला कळले नाही. विक्रेत्याला विचारले तर त्याने अत्तराची बाटली पुढे केली.

घरी परतताना मी गप्प होतो. दुसऱ्या दिवशी कॉलेजात अर्थशास्त्राच्या सरांना हा प्रसंग सांगितला. ते म्हणाले, "तू कालची संध्याकाळ ॲकरलॉफच्या निबंधात घालवलीस." त्यांनीच मला तो निबंध समजावून दिला. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेला हा छोटासा निबंध तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. १९७० साली तो छापून आला आणि २००१ साली त्यांना आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. निबंधातले म्हणणे साधे आहे. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधलाच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो. मागे वाईट गाड्या जास्त उरतात, त्यामुळे भाव आणखी उतरतो, आणखी काही चांगल्या गाड्या निघून जातात. शेवटी बाजारात राहतात ती लिंबे. याच निबंधात आपल्या खेड्यातला सावकारही येतो : बाहेरच्याला कर्ज देण्याचे धाडस होत नाही तिथे सावकार देऊ शकतो, कारण तो गावातल्या माणसाला ओळखतो.

दुसरी गाडी पेढीवरच्या एका गृहस्थांनी सुचवली. नल्लाकुंट्याचे एक तेलुगू मास्तर, निवृत्त. फोनवर त्यांनी एकच अट घातली : सकाळी साडेसहाला या. मला नवल वाटले. आम्ही पोहोचलो तेव्हा ते फाटकाशी उभे होते. म्हणाले, "बॉनेटवर हात ठेवून पाहा. रात्रीपासून सुरू केलेली नाही. थंड इंजिनच खरं बोलतं."

मी हात ठेवला. पत्रा गार होता, दवाने ओला. आणि मला त्या क्षणी आमची स्कूटर आठवली, मी गरम करून ठेवलेली.

मास्तरांनी गाडी सुरू केली. दुसऱ्याच प्रयत्नात लागली, धूर नव्हता. मग त्यांनी आतून एक फाईल आणली. २०१२ पासूनचे प्रत्येक सर्व्हिसचे बिल, तारखेवार, किलोमीटरसकट. मामाने शेवटच्या बिलावरचा आकडा आणि गाडीतला आकडा ताडून पाहिला, बरोबर होता. मास्तर स्वतःहून सांगू लागले, "ए. सी. चा कॉम्प्रेसर गेलाय, मी दुरुस्त केला नाही. डावा मागचा दरवाजा एकदा ठोकून काढलाय. टायर जुने आहेत." मामाने टायरवरचे चार आकडे वाचून दाखवले : २३१८, म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले. "सार, विकताय का?" मामाने विचारले. "मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं झाली. रात्री दिसत नाही," मास्तर म्हणाले. एवढे साधे उत्तर आम्हाला आठवडाभरात कुणी दिले नव्हते.

तरीही मामाने गाडी सोडली नाही. ऑइलच्या झाकणाखाली पांढरा साय आहे का पाहिले, दरवाजांचे रबर ओढून सांधे तपासले, चासी नंबर कागदाशी जुळवला, गालिचाखाली पुन्हा बोट घातले. मला ते बरे वाटेना. मी कन्नडमध्ये हळूच म्हटले की हे सज्जन आहेत, पुरे. मास्तरांना थोडे कन्नड कळत असावे. ते हसून म्हणाले, "तपासू दे. तपासलं नाही तर माझ्या खरं बोलण्याचा उपयोग काय?"

मग माझी वही उपयोगी पडली. मागणी एक लाख पंचाहत्तर हजार. टायर तेरा हजार, कॉम्प्रेसर चौदा. नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२७ पर्यंत. त्यानंतर पाच वर्षांसाठी नवी करायची तर तपासणी आणि २०२२ पासून वाढलेली पाच हजारांची फी. हे सगळे धरून गाडी रस्त्यावर कितीला पडते ते मी मांडले. मास्तरांनी माझी बेरीज तपासली, एक चूक काढली आणि एक लाख साठ हजारांना गाडी दिली.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी अंबरपेठेच्या त्या मुलाला फोन केला. धुराचे, जाड ऑइलचे, सगळे सांगून टाकले. पलीकडे तो मोठ्याने हसला.

"मेरेकू मालूम था भई. हात लगाया तो गाडी गरम थी. इसके वास्तेच दो हजार कम बोला."

मी विचारले, "और गाडी अच्छी रहती तो?"

"तो बी कमीच बोलता. यहाँ सच कौन बोलता?"

मी थोडे पैसे पाठवतो म्हणालो. त्याने नको-नको केले नाही. ऑइल बदलावे लागले होते, त्याचे चारशे रुपये सांगितले. मी पाठवले. व्यवहार तिथे संपला.

माझ्या मनात मात्र तो संपलेला नाही. माझ्या लबाडीने मला एक पैसाही मिळाला नव्हता. तो मुलगा ती आधीच भावात धरून आला होता. माझी स्कूटर खरोखर उत्तम असती, तरी माझ्या आधीच्या सगळ्या खोटे बोलणाऱ्यांची वजावट माझ्याच किमतीतून झाली असती. आणि मी गाडी गरम करून ठेवली, त्याची वजावट माझ्यानंतर अंबरपेठेत स्कूटर विकणाऱ्या कुणा प्रामाणिक माणसाला भरावी लागेल. मास्तरांना हे कळले होते. म्हणून त्यांनी नुसते खरे सांगितले नाही. गार बॉनेट दाखवले, बिलांची फाईल दाखवली, मामाला बोट घालू दिले.

१२ ऑक्टोबरला दसरा होता. आईने गाडीला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली आणि चारही चाकांखाली लिंबे ठेवली. मी चावी फिरवली. गाडी दुसऱ्या प्रयत्नात लागली, मास्तरांनी दाखवली होती अगदी तशीच.

(द्वितीय वर्ष, बी. कॉम.)