कोतवाल बुकास अनावृत पत्र

राजश्री कोतवाल बुक, ऊर्फ गाव नमुना नंबर १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची वही,
मुक्काम पोस्ट मोहोळ, जिल्हा सोलापूर, यांसी



२०२३ पासून तुम्हाला उसंत नाही. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी तालुक्यातालुक्यांत जुन्या दप्तरांचे रुमाल सुटले. ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं, त्या मोडी वाचणाऱ्यांनाही भाव आला. जातीच्या रकान्यावरून बोट खाली सरकतं, ‘कुणबी’ किंवा नुसतं ‘कु.’ दिसलं की थांबतं, नाही दिसलं की पान उलटतं. या उलटल्या जाणाऱ्या पानांबद्दल हे पत्र आहे. अशाच पानांवर कुणाकुणाचे आजे-पणजे असतात, आणि नातवंडं इस्रायलमध्ये अश्दोद, लोद, दिमोना इथे राहून त्यांचा माग काढत असतात.

म्हणाल, घाटावर यहुदी कुठले? त्यांचं मूळ कोकणात. खरंय. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि वाचलेले पूर्वज तिथेच राहिले, अशी बेने इस्रायलींची, म्हणजे या मराठी यहुद्यांची, परंपरा सांगते. तेलाचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर. पण १८६० साली आगगाडी मोहोळवरून सोलापूरला पोचली, आणि रेल्वे, टपाल, पलटण अशा नोकऱ्यांत हा समाज पसरला. नोकरी आली की बदली आली, आणि बदलीच्या गावी जन्मलेलं पोर त्याच गावच्या वहीत चढतं. अशा पेणकराच्या मुलाची नोंद पेणला शोधत बसलं तर शोधणाऱ्याचाच जन्म जायचा. आडनाव बाजूला ठेवून आधी बापाच्या बदल्या जुळवाव्या लागतात.

नावांचीही गंमत आहे. मुंबईचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर आपल्या लोकांत समाजी हसाजी म्हणूनच ओळखले जात. पणतू ‘सॅम्युएल’ शोधतो आणि वहीत ‘समाजी’ असतो. मुसाजी किंवा दाऊद दिसला की वाचणारा त्याला बिनदिक्कत मुसलमानांत ढकलतो. आणि कुलकर्ण्याने घाईत ‘शनवार’ गाळून नुसतं ‘तेली’ लिहिलं असेल, तर संपलंच!

तुमच्याविषयीची माझी खरी तक्रार मात्र आयांबद्दल आहे. तुमच्या जुन्या पानांत तारीख, मुलगा की मुलगी, बापाचं नाव, जात एवढंच बहुतेक सापडतं. बारशाआधीच नोंद झाल्याने पोराचं नाव नसतं, आणि जिने जन्म दिला तिचंही नसतं. यहुदी धर्मशास्त्र नेमकं आईवरून वंश धरतं. १९६२ च्या सुमारास इस्रायलच्या रब्बींनी लग्न नोंदवायला आलेल्या बेने इस्रायलींच्या आईकडच्या पिढ्या खणायला सुरुवात केली. ‘तुमची आजी कोण, तिची आई कोण’ असं विचारल्यावर कोकणातल्या माणसाने कागद आणायचा कुठून? लोक रस्त्यावर उतरले, ठिय्या देऊन बसले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये ते पूर्ण यहुदी असल्याचं मान्य झालं. दोन हजार वर्षं शनिवार पाळल्याचं सांगणाऱ्यांवर ही वेळ यावी, हे मला आजही लाजिरवाणं वाटतं.

तरी तुमच्याकडून एक वाट निघते, तुम्हाला नकळत. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत. बापाचं गाव एक आणि थोरल्या पोराची नोंद भलत्याच गावच्या वहीत, असं दिसलं की समजावं, ते आईचं माहेर असू शकतं. मग त्याच गावच्या मृत्यूच्या वहीत आईच्या बापाला गाठायचं. वर्दी कोणी दिली तेही कुठे लिहिलेलं असलं आणि तो मामा निघाला, तर सोन्याहून पिवळं.

मृत्यूची तारीख घरच्यांना इंग्रजी महिन्यात आठवेलच असं नाही. ‘आजी बिर्ड्याच्या रोजाला गेली’ एवढंच आठवतं. वालाच्या बिरड्याने सुटणारा हा उपास यहुदी पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीचा. साल ठाऊक असेल तर इंग्रजी तारीख जुळवता येते; नसेल तर दर वर्षीची जुलै-ऑगस्टची पानं तेवढी चाळायची. अख्खा रुमाल उपसण्यापेक्षा हे बरं.

२०१६ साली महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे कागदाची गरज आता इथल्या मूठभर घरांनाही आहे. म्हणून तुमच्या सांभाळकर्त्यांना निरोप द्या: पुढच्या वेळी रुमाल सुटला की जातीच्या रकान्यात जे जे येईल, मग ते इस्राईल असो, यहुदी, शनवार तेली किंवा आणखी काही, ते गाव-सालासकट एका वेगळ्या यादीत उतरवून ठेवावं. मोडी वाचणारा माणूस तेव्हा समोर बसलेलाच असतो. पुन्हा मिळेलच असं नाही.



आपला,
एक मोहोळकर