इंजिन कुणाचं?

समुद्र घाटापलीकडे. पण चाकण-भोसरीच्या गल्ल्यांत एका युद्धनौकेचा माग काढता येतो… फक्त गुरुवारी जायला हवं!

चाकणचा तळेगाव चौक. संध्याकाळचे साडेसहा. पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि मध्ये माझी बिचारी ॲक्टिवा. हिंजवडीचा जॅम निदान एसी कॅबमधून बघता येतो, चाकणचा जॅम हा अंगावर घ्यायचा प्रकार आहे. अशा वेळी माणूस काय करतो? मोबाइल काढतो. मोबाइलवर होती ‘आयएनएस तमाल’. १ जुलै २०२५ ला रशियातल्या कॅलिनिनग्राडमध्ये आपल्या नौदलात दाखल झालेली फ्रिगेट. लांबी १२५ मीटर, वजन ३,९०० टन.

१२५ मीटर म्हणजे नेमकं किती हो? उत्तर समोरच उभं होतं. चाळीस फुटी कंटेनरचा डबा बारा मीटरहून जरासा जास्त. असे दहा डबे एकाला एक चिकटवून लावले की झाली तुमची फ्रिगेट! मी मोजलं. माझ्यापासून सिग्नलपर्यंत साधारण एक युद्धनौका अंतर होतं. ते कापायला मला चाळीस मिनिटं लागली. तमाल तीस नॉटच्या वर पळते, म्हणजे तासाला पंचावन्न किलोमीटरहून जास्त. असो.

बातमीत दोन गोष्टी होत्या. एक, परदेशात बांधून आणलेली ही शेवटची युद्धनौका, यापुढे सगळ्या इथेच बनणार. दुसरी, हिच्यात २६ टक्के माल भारतीय आहे, लहानमोठ्या ३३ यंत्रणा. ब्राह्मोस क्षेपणास्त्र हे त्यातलं सगळ्यात भारी नाव. ‘लोकल कंटेंट’ हा शब्द या पट्ट्यात शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. म्हटलं, चला, हे २६ टक्के कुणाला तरी दाखवूया. माणूस तयारच होता. भोसरीचा मामा!

मामाकडे जायचं तर गुरुवारी. पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीचा तो रविवार. एरवी जे ब्लॉकच्या गल्लीत टेम्पो, लोखंडाचा चुरा आणि कूलंटचा वास यांतून वाट काढावी लागते. गुरुवारी चक्क कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपलेली असतात. मामा मात्र गाळ्यावर असतोच. मूळचा कराडचा, आयटीआय करून इकडे आला. आधी दुसऱ्याच्या लेथवर, मग स्वतःच्या. आता दोन सीएनसी, एक व्हीएमसी, सहा पोरं. बनवतो काय, तर दुचाकीच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह गाइड. बोटाएवढा नळीसारखा तुकडा, दिवसाला हजारोंनी.

मी फोटो दाखवला. मामाने चष्मा कपाळावर चढवून बघितला. तोफ नाही, क्षेपणास्त्र नाही, काही नाही. पहिला प्रश्न, “इंजिन कुणाचं?”

हा प्रश्न इथल्या मातीतलाच आहे. आकुर्डीत बजाजची स्कूटर सुरू झाली ती इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर, वेस्पा म्हणून. करार संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. मर्सिडीज १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात जोडली जाऊ लागली, २००९ मध्ये चाकणला स्वतःच्या जागेत गेली. त्याच वर्षी फोक्सवॅगनचाही कारखाना चाकणला उघडला. प्रत्येक वेळी खेळ तोच. आधी खोक्यातून सुटे भाग येतात, इथे जोडले जातात. मग सीट आपली होते, काच आपली होते, वायरिंग आपलं होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स शेवटी. मामासारख्या व्हेंडरचं अख्खं आयुष्य या ‘शेवटी’ची वाट बघण्यात गेलंय!

तर, तमालचं इंजिन कुणाचं? युक्रेनचं! बोट रशियाची आणि गॅस टर्बाइन युक्रेनमधल्या मिकोलाइव शहरातल्या झोर्या-माशप्रोएक्त कंपनीचं. गंमत म्हणजे हे सांगाडे रशियाने मुळात स्वतःच्या नौदलासाठी घातले होते. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला, युक्रेनने टर्बाइन द्यायचं बंद केलं आणि सांगाडे यार्डात पडून राहिले. शेवटी २०१८ मध्ये भारताने करार केला. रशियाला टर्बाइन मिळत नव्हती, भारताला मिळत होती. मग भारताने ती युक्रेनकडून विकत घेतली आणि रशियाच्या यार्डाला बसवायला दिली. २०२२ मध्ये तर युद्ध पेटलं, मिकोलाइववर रशियाची क्षेपणास्त्रं पडली. भांडणाऱ्या दोन घरांचा माल एकाच बोटीत, आणि बोट आपली. तमालची थोरली बहीण तुशिल ९ डिसेंबर २०२४ ला दाखल झाली. नौदलात ती तारीख कुणी विसरत नाही. १९७१ मध्ये त्याच दिवशी दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली होती, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांसह. तीही फ्रिगेटच, तीही परदेशात बांधलेली, इंग्लंडच्या काउजमध्ये.

मामाने हे सगळं शांतपणे ऐकलं. “म्हणजे एकाच सप्लायरवर बसले होते की,” एवढंच म्हणाला. मामीने चहा ठेवला आणि विषय बदलायचा प्रयत्न केला, पण मामा आता पेटला होता.

आता बदल होतोय, आणि तो आपल्याच आसपास होतोय. २०२३ मध्ये मुंढव्याच्या भारत फोर्जने याच झोर्याच्या भारतातल्या कंपनीत ५१ टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं. एप्रिल २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला जहाजासाठी ६ मेगावॉटचं डिझेल इंजिन बनवायला सांगितलं. खर्च २७० कोटी, त्यातले ७० टक्के सरकारचे. किर्लोस्कर म्हणजे खडकी, आपल्या दापोडीचा पूल ओलांडला की आलंच! तेव्हा मामाच्या प्रश्नाचं उत्तर पुढेमागे पुलापलीकडून येऊ शकतं.

पण मामाला ते ‘पुढेमागे’ परवडणारं नाही. कारण त्याच्या टेबलावरच्या काचेखाली एक ड्रॉइंग होतं. मुंबईच्या एका पार्टीची चौकशी. जहाजातल्या खाऱ्या पाण्याच्या लायनीचा व्हॉल्व्ह, मटेरियल निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ. नग किती? आठ.

“आठ गं! आमच्याकडं ट्रायलला याच्यापेक्षा जास्त पीस जातात.”

आठ नगांसाठी मटेरियलचा दाखला, अल्ट्रासॉनिक टेस्ट, प्रेशर टेस्ट, बाहेरून येणारा इन्स्पेक्टर. महागडी कास्टिंग, एक जरी रिजेक्ट झाली तर सगळा नफा त्यातच जायचा. शिवाय पेमेंट कधी, देव जाणे. मग नाही म्हणून टाका ना, मामा! त्यावर त्याने ड्रॉवरमधून एक व्हॉल्व्ह गाइड काढून माझ्या हातावर ठेवला. “ई-स्कूटरला हा पार्टच नाही.”

खरंच की. आकुर्डीत चेतक परत बनते, पण आता बॅटरीवरची. तिला व्हॉल्व्ह नाही, म्हणजे गाइडही नाही. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी ती घेऊन फिरतात, मीही घ्यायच्या विचारात होते. हे मात्र मी त्या दिवशी मामाला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी ग्रुपचा लोणावळा प्लॅन. पाऊस, भजी, भुशी डॅमची गर्दी, सगळं यथासांग. भुशीवरून टायगर पॉइंटकडे जाताना ‘आयएनएस शिवाजी’ लागतं. आपण सगळे तिथून शंभर वेळा गेलेलो असतो, गाण्यांचा आवाज थोडा कमी करून. आत काय आहे? नौदलाचं इंजिनिअरिंगचं शिक्षण. १९४५ पासून बोटीची इंजिनं चालवणारी पोरं या डोंगरावर शिकतात, गॅस टर्बाइनसुद्धा. समुद्राचा थेंब नाही, वरून मात्र पाणीच पाणी. या वेळी मी गाडीची काच खाली करून बघत राहिले. मागची मंडळी ओरडली, “काच लाव, भिजतोय!”

तेवढ्यात मामाचा फोन.

“त्या बोटीचं नाव काय म्हणालीस?”

“तमाल.”

“ती नव्हं, ती झाली. फुडची?”

त्याच करारातल्या आणखी दोन आहेत, म्हटलं. त्रिपुट आणि तवस्य. एक २०२४ मध्ये पाण्यात उतरली, दुसरी २०२५ मध्ये. गोवा शिपयार्डमध्ये. पण मामा, तुमचे ते आठ नग त्यांच्यासाठीच आहेत असं कुठाय?

“नसू दे. सोमवारी कास्टिंग येतंय. गोवा म्हंजे कराडवरनंच जायचं की.”