माळव्यातला पेट्रोलहिशेब

धार

ती. बाबांस,

गाडीने माळव्यात जायचं तर पेट्रोलला किती लागतील, हा तुमचा प्रश्न. घरोघरी याचं उत्तर ठरलेलं असतं: अंतराला कंपनीच्या ॲव्हरेजने भागायचं आणि पंपावरच्या भावाने गुणायचं. रीत चुकीची नाही, पण मधला आकडा उसना आहे. कंपनीचं ॲव्हरेज रस्त्यावर काढलेलंच नसतं. गाडी रोलरवर चढवतात, एसी बंद ठेवतात, ठरलेल्या क्रमाने वेग कमी-जास्त करतात आणि तोही ताशी ९० किलोमीटरच्या वर नेत नाहीत. याच धार जिल्ह्यात पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगचाचणी मार्ग २०२१ साली सुरू झाला. तिथे गाडी काय करू शकते ते दिसतं. पण त्या मार्गावर ना सिग्नल, ना हातगाडी, ना आडवी आलेली म्हैस. चाचणीचा आकडा खोटा नसतो. दोन गाड्यांत निवड करायला तो चांगला, खिशातले पैसे मोजायला मात्र कुचकामी.

म्हणून लिटरला किती किलोमीटर हे बाजूला ठेवून शंभर किलोमीटरला किती लिटर, असं मोजावं हे माझं म्हणणं. जाताना २०चं ॲव्हरेज पडलं आणि येताना १२चं, तर लोक सरासरी १६ धरतात. प्रत्येकी शंभर किलोमीटर घेऊन पाहा: जाताना ५ लिटर, येताना ८.३३, मिळून १३.३३. म्हणजे खरं ॲव्हरेज १५. सोळा धरणाऱ्याच्या कागदावर पाऊण लिटरहून जास्त पेट्रोल दिसतच नाही. लिटरांची बेरीज होते, ॲव्हरेजची होत नाही.

धार ते देवास इंदूरमार्गे साधारण १०० किलोमीटर. त्यातले ८० मोकळे, १८च्या हिशेबाने ४.४४ लिटर. इंदूरच्या गर्दीतले २०, दहाच्या हिशेबाने २ लिटर. भाव १०६ रुपये धरला तर ६८३ रुपये. कंपनीचं ॲव्हरेज २२ धरलं तर हेच ४८२ होतात. या दोनशेच्या तफावतीतले निम्म्याहून जास्त त्या वीसच किलोमीटरांत जातात. बायपासने पाच किलोमीटर वाढले तरी खर्च ६१८वर येतो; मग टोल किती पडतो ते पाहून ठरवावं.

देवास

ती. बाबांस,

तुम्ही म्हणाल, घाटाचं काय? धुळ्याकडून येताना खलघाटला नर्मदा ओलांडली की मानपूरपर्यंत सुमारे चारशे मीटर चढावं लागतं, आणि घाट पेट्रोल पितो हे सगळ्यांनाच पाठ आहे. तेही मोजता येतं. माणसांसकट १४०० किलोची गाडी एवढी वर न्यायला ५५ लाख ज्यूल लागतात. लिटरभर पेट्रोलमध्ये सव्वातीन कोटींच्या आसपास ज्यूल असतात आणि इंजिनाच्या हाती त्यातला जेमतेम चौथा हिस्सा लागतो. म्हणजे घाटाचं बिल पाऊण लिटरच्या आत, पंचाहत्तर रुपयांच्या आसपास. उतरताना गिअरमध्येच राहून पाय काढला, तर आजच्या गाड्यांत इंजिनाला इंधन जाणंच थांबतं आणि यातलं थोडंफार परत मिळतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे वाचवत काही नाहीत, ब्रेक मात्र तापवतात. उलट सपाटीवर वेग ८०वरून १०० केला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि तो एकदाच नाही, दर किलोमीटरला मोजावा लागतो. घाटाला शिव्या घालणारे लोक या सपाट रस्त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आपल्या जुन्या हिशेबवहीतले आकडे आता का जुळत नाहीत? एक कारण पेट्रोलमधलं इथेनॉल. त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी; वीस टक्के मिसळलं की मिश्रणाची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. गाडीगणिक फरक पडेल, पण वहीतलं जुनं ॲव्हरेज आज तेवढंच कमी धरणं शहाणपणाचं. दुसरं कारण भाव: राज्याच्या सीमेपलीकडे तो वेगळा, कारण पेट्रोल जीएसटीत नाही आणि प्रत्येक राज्याचा व्हॅट निराळा. म्हणून मध्य प्रदेशातल्या सेंधव्याआधी टाकी भरायची धावपळ चालते. लिटरला तीन रुपये वाचले तरी ३५ लिटरला ते १०५ होतात. पंप वाटेवरच असेल तर ठीक, त्यासाठी वाट वाकडी करू नये.

मग बस स्वस्त नाही का? एकट्याला नक्कीच. पण पेट्रोल गाडीला लागतं, डोक्यांना नाही. चौथ्या माणसाचं वजन हिशेबात फारसं जाणवत नाही. धार-देवासचे ६८३ रुपये चौघांत वाटले की माणशी १७१. देवासला याची उलटी तऱ्हा होती. पवार राजघराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे दोन दरबार १९४८पर्यंत एकाच गावात नांदले. माणसं तेवढीच, कारभाराचा खर्च मात्र दुहेरी. टायर आणि सर्व्हिसिंगचा खर्च माझ्या पेट्रोलच्या हिशेबात नाही हे मान्य. तो वर्षाच्या बिलांतून किलोमीटरमागे काढून वेगळा मिळवावा.

परतीच्या हिशेबासाठी इथे टाकी फुल करून किलोमीटरचा आकडा लिहून घेतला आहे. पंपाचा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडला तिथेच भरणं थांबवलं. घरी पोचल्यावरही तसंच भरायचं. तेव्हा जितके लिटर बसतील, तेवढे वाटेत जळाले.