नजरबादचे दगड

म्हैसुरास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाचे बिऱ्हाड लागते न लागते तोच देशाकडून पाहुणे येऊ लागतात. पहिल्या दिवशी चामुंडीची टेकडी, दुसऱ्या दिवशी राजवाडा आणि तिसऱ्या दिवशी श्रीरंगपट्टण, असा आमच्या घरचा क्रम ठरून गेला आहे. पहिले दोन दिवस सुखाचे जातात. तिसऱ्या दिवशी टिपू सुलतान भेटतो, आणि आमची जीभ अडखळू लागते.

गेल्या खेपेस भाचा आला होता. दर्या दौलत महालाच्या भिंतीवर १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईचे भव्य चित्र आहे. पालखीतला जखमी कर्नल बेली त्यात दिसतो. ते पाहून भाच्याने विचारले, "मामा, हा इंग्रजांशी लढत होता, तर १७९२ च्या वेढ्यात हरिपंत फडके इंग्रजांच्या छावणीत कसे?"

उत्तर आमच्यापाशी तयारच होते. नरगुंद! १७८५ साली व्यंकटराव भाव्यांनी जीविताच्या हमीवर किल्ला खाली केला आणि टिपूने हमी मोडून त्यांना कैदेत घातले. कोडगूतून हजारो माणसे बंदी करून इथे आणली गेली, कित्येकांना बाटविले गेले, हेही आम्ही सांगितले. यातले काहीच खोटे नव्हते. ४ मे १७९९ रोजी तो तटाशी लढत पडला, तैनाती फौजेपुढे त्याने मान तुकविली नाही, हे मात्र आम्ही जरा घाईने, मोटारीकडे चालता चालता सांगितले.

त्याला स्वातंत्र्यवीर म्हणावे की जुलमी, यावर या राज्यात गेली काही वर्षे माणसे एकमेकांच्या उरावर बसली आहेत. २०१५ साली सरकारने त्याची जयंती सुरू केली, तेव्हा मडिकेरीत जीव गेले. २०१९ साली ती बंद झाली. २०२२ साली बंगळूरला जाणाऱ्या आमच्या टिपू एक्सप्रेसची वोडेयार एक्सप्रेस झाली. गाडी तीच, वेळही तीच.

आम्ही राहतो नजरबादला. हे नाव टिपूनेच दिलेले. १७९३ च्या सुमारास त्याने वोडेयरांचे जुने म्हैसूर पाडून टाकले आणि त्याचे दगड नव्या नजरबादच्या किल्ल्याकडे नेले. वोडेयरांची सत्ता १७६१ पासून हैदराच्या मुठीत होतीच. १७९६ साली राजा वारला, तेव्हा टिपूने दुसरा राजा बसविलाच नाही. इंग्रजांच्या जोखडापासून जे राज्य तो राखीत होता, त्याचा धनीच त्याने पुसून टाकला. त्याच्या मृत्यूनंतर तेच दगड पुन्हा उचलून जुन्या जागी आणण्यात आले. त्या दगडांचे दोन्ही प्रवास ज्यांच्या पाठीवरून झाले, त्यांना कोणते राज्य आपले वाटले असेल, हे आम्हांस सांगवत नाही.

परंतु त्या दिवशी जी गोष्ट आम्ही गिळली, ती वेगळीच होती. १७९१ साली पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. माणसे मारली गेली, शारदेची मूर्ती जागची हलली, स्वामींना कार्कळला आश्रय घ्यावा लागला. हे लमाण-पेंढाऱ्यांचे कृत्य, सरदारांचे नव्हे, असे आपल्याकडे म्हणण्याची रीत आहे; पण लमाण काही आकाशातून पडले नव्हते. मूर्तीची पुनःस्थापना व्हावी म्हणून रोकड आणि धान्य धाडले ते टिपूने. त्याची स्वामींना लिहिलेली कानडी पत्रे १९१६ साली मठात सापडली. तो स्वामींना जगद्गुरू म्हणतो, शत्रुनाशासाठी अनुष्ठान करावयास सांगतो. त्या शत्रूंत आपणही होतो. राजकारण म्हणावे तर ते खरेच; पण नरगुंदची हमी मोडण्यातही राजकारणच होते, आणि तिथे आम्ही हा शब्द वापरला नव्हता.

रात्री पाने वाढली तेव्हा आम्ही भाच्याला शृंगेरीचे सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले, आमटीचा भुरका मारला आणि विचारले,

"मग सकाळी का नाही सांगितलंत?"