हात चालू असताना

माझ्या कादंबरीतल्या बायका एकमेकींच्या डोळ्यांत पाहत नाहीत. कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर एका वाचक बाईंनी हे नेमकं टिपलं आणि विचारलं, इतकं जिवाभावाचं बोलतात, मग एकदाही नजरानजर कशी होत नाही? मला फार बरं वाटलं. त्या एका गोष्टीसाठी मी पानंच्या पानं पुन्हा लिहिली होती.

बिडी वळणाऱ्या बाईची नजर पानावर असते. मांडीवर सूप, सुपाच्या कडेला मापाने कापलेली पानं, मधोमध तंबाखू, हाताशी धाग्याचं रीळ. पान बोटांवर घ्यायचं, चिमटीने तंबाखू पसरायची, निमुळतं वळत न्यायचं, तोंडाकडची घडी आत दाबायची आणि धाग्याचे वेढे देऊन तो तोडायचा. हे वाक्य वाचून होईपर्यंत सरावलेल्या बाईची एक बिडी हातावेगळी होते. नजर हलली तर वळण सैल पडतं, सैल बिडी कारखान्यात बाजूला निघते आणि तिची मजुरी बुडते. त्यामुळे मुलीचं मोडलेलं लग्न असो, नवऱ्याचं पिणं असो की पिशवीचं ऑपरेशन, सगळं मान खाली घालूनच सांगितलं जातं. माझी तर खात्री आहे, मान खाली असते म्हणूनच ते सांगितलं जातं. समोरची आपल्याकडे बघत नाही, तिचेही हात गुंतलेले आहेत, तिने लगेच काही उत्तर द्यावं अशीही अपेक्षा नाही. अशा वेळी बाईच्या तोंडून जे निघतं ते चहाचा कप पुढे ठेवून, समोरासमोर बसवून कधीच निघणार नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेली पद्मशाली विणकर कुटुंबं, मागांची खटखट, नारळी पौर्णिमेला निघणारा मार्कंडेय महामुनींचा रथ, आणि बोळाबोळांत उंबऱ्याशी सूप घेऊन बसलेल्या बायका. एका बोळात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकू यायचं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही. गावातल्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पुरुष घरी बसले, आणि कितीतरी घरांत चूल पेटती राहिली ती बिडीमुळे. माझी कादंबरी 1990 नंतरच्या त्या वर्षांतली आहे. गिरणी बंद पडण्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, संपाबद्दलही. मला लिहायचं होतं ते दुपारी दोन वाजता घरात असलेल्या नवऱ्याबद्दल. ज्या घरात त्या वेळी फक्त बायका असायच्या तिथे आता एक माणूस भिंतीला टेकून बसलाय, आणि बायकांचं बोलणं थांबलंय. मजुरी येतच होती, बोलणं गेलं. कादंबरी मला तिथे सापडली.

लिहिताना एक गोष्ट पक्की उमगली आणि तिच्यावर मी अजून ठाम आहे. पात्राचं मन कळायच्या आधी त्याचं काम कळायला हवं. नुसतं 'ती बिडी कामगार होती' एवढं पुरत नाही. पान उन्हाळ्यात तडकतं म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळावं लागतं, पावसाळ्यात त्यालाच बुरशी धरते, बारा महिने बोटांना वास असतो आणि त्याच बोटांनी पोराला भरवायचं असतं. हे हातांना माहीत असलेलं जग एकदा कागदावर उभं राहिलं की पात्र आपण होऊन बोलू लागतं, त्याच्या तोंडी वाक्यं घालावी लागत नाहीत. माझी नायिका रागावली की आदळआपट करत नाही, कात्री जास्त जोरात चालवते. पानं वाया जातात. वाया गेलेल्या पानांचे पैसे तिलाच भरावे लागणार आहेत हे वाचकाला त्याआधी माहीत असेल, तर 'तिला संताप आला' हे वाक्य लिहायची गरजच राहत नाही.

हे मी शिकले ते मराठी कादंबऱ्यांतूनच. आनंद यादवांची 'गोतावळा' (1971) मी हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणून वाचली आणि परत करायची मुदत वाढवून घेऊन पुन्हा वाचली. त्यातला नारबा शेतावरचा गडी. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि ज्या जनावरांत त्याचा जीव गुंतलेला असतो ती एकेक करून दूर होतात. एकाकीपणावर नारबा भाषण देत नाही. तो कामं सांगत राहतो, आणि कामं कमी होत जातात तसा आपल्या छातीवरचा भार वाढत जातो. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली (1960) कौतिक माझ्या आयुष्यात फार लवकर आली. तिचं राबणं वाचताना मला आमच्या बोळातल्या बायका दिसायच्या, वऱ्हाडी बोली माझी नसूनही. आणि आमच्याच गावात राहून त्र्यं. वि. सरदेशमुखांनी 'डांगोरा एका नगरीचा'सारखी कादंबरी लिहिली, हे ठाऊक असण्याचाही मोठा आधार होता. पुण्या-मुंबईला न जाता इथे बसून मोठं काम होऊ शकतं, याचा तो पुरावाच होता.

माझ्या लिहिण्याच्या सवयी साध्या आहेत. मी एका पतसंस्थेत हिशेब पाहते, त्यामुळे लिहायचं ते पहाटे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी पहाट भांडी, टाक्या आणि मोटरीची असते, त्या दिवशी लिहिणं नाही. सुरुवातीला या खंडांचा मला त्रास व्हायचा. मग लक्षात आलं की पाण्याच्या दिवशी, बादल्या भरताना, मनात वाक्यं घोळत राहतात आणि दुसऱ्या दिवशी वही उघडली की हात थांबत नाही. आता त्या सक्तीच्या सुट्टीवर माझा विश्वास बसलाय. पहिला खर्डा हाताने, लांब खतावणीच्या वहीत, उजव्या बाजूचं पान कोरं सोडून. त्या कोऱ्या पानावर ऐकलेलं लिहायचं: बाजारात, बसथांब्यावर, पतसंस्थेच्या खिडकीशी. संगणकावर दुसरा खर्डा. वहीतलं उतरवून घेताना जे टाइप करायचा कंटाळा येतो ते बहुधा कादंबरीत नको असतं.

याखेरीज एक दुसरी वही होती, आणि खरं सांगायचं तर कादंबरी तिनेच उभी केली. ती नायिकेच्या घराची खतावणी. दर आठवड्याला कारखान्यातून किती पान, किती तंबाखू मिळाली, किती बिड्या भरल्या, किती नाकारल्या गेल्या, हातात काय आलं, किराणावाल्याचं किती राहिलं. हे आकडे मी त्या काळच्या बायकांना विचारून विचारून बसवले. हजार बिड्यांसाठी वजन करून पान मिळतं, पण त्या पानात फाटकं, किडकं किती निघेल हे नशिबावर. पान कमी पडलं तरी बिड्या मोजूनच द्याव्या लागतात, मग बाहेरून पान विकत घ्यायचं. तेव्हा लागू असलेला 1966 चा बिडी आणि सिगार कामगारांचा कायदाही मी सगळा वाचून काढला. त्यातल्या कलम 39 मध्ये कच्चा माल देण्यावरून, बिड्या नाकारण्यावरून आणि नाकारलेल्या बिड्यांच्या मजुरीवरून होणाऱ्या वादांची सोय केलेली आहे. तो मजकूर वाचताना मी थरारून गेले. ज्या तीन गोष्टींवरून माझ्या कादंबरीतली घरं हादरत होती, त्या कायद्याच्या कोरड्या भाषेत ओळीने मांडलेल्या होत्या.

खतावणीमुळे कथानक रचत बसावं लागलं नाही. एका आठवड्यात पान खराब निघालं म्हणून नायिका शेजारणीकडून उसनं घेते. पुढच्या आठवड्यात पोर आजारी, बिड्या कमी भरतात, उसनं फिटत नाही. त्यापुढच्या आठवड्यात ती आणि शेजारीण एकमेकींशेजारी बसणं टाळतात. सबंध कादंबरीतलं सगळ्यात दुखरं प्रकरण त्या मूठभर पानांतून आलं. माझ्या संपादकांनी हस्तलिखित वाचून पहिला प्रश्न विचारला तो शैलीचा नव्हता. ते म्हणाले, "या बाईने मुलीला दिवाळीत परकर-पोलकं घेतलं, ते पैसे कुठून आले?" मी वहीतल्या त्या महिन्याच्या पानाचा फोटो पाठवला: दोन वेळा उपास, एक भांडं गहाण. त्यांचा लगेच फोन आला की हे पान जसंच्या तसं कादंबरीत घ्या. ते आहे. एका पानावर नुसता हिशेब, एकही वाक्य नाही.

आमच्याकडे हस्तलिखितावर अशी बारीक नजर ठेवणारी परंपरा आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या 'सत्यकथा'-'मौज'च्या संपादकांनी किती लेखकांची वाक्यं पारखून घेतली याच्या आठवणी मराठीत भरपूर लिहिल्या गेल्यात. पहिल्याच पुस्तकाला असा माणूस लाभावा ही मी माझी पुण्याई समजते. तो मिळत नसेल तर नव्या लेखकाने घाई करू नये, असं मला मनापासून वाटतं.

पण संपादकांच्याही आधी माझी एक परीक्षक होती. आमच्या बोळातल्या अक्का. त्यांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. रविवारी दुपारी त्या सूप घेऊन बसल्या की मी त्यांना लिहिलेलं वाचून दाखवायचे. बरं-वाईट त्या कधी बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. मी त्यांचे हात बघायचे. मजकूर नुसताच चांगला असला की हात एका लयीत चालत राहायचे. कुठे शब्दांची आरास झाली की हात उलट जास्त वेगाने चालायचे, जणू वेळ भरून काढायचाय. आणि क्वचित कधी एखाद्या ठिकाणी हात थांबायचे. अर्धं वळलेलं पान बोटांत तसंच. हात थांबणं म्हणजे पैसे जाणं, हे त्यांना आणि मला दोघींनाही कळत होतं. अशा जागांच्या समासात मी पेन्सिलने टिंब काढायचे. त्या टिंबांच्या जागांना मी पुढच्या कुठल्याच खर्ड्यात हात लावला नाही. मी वाचायची थांबले की त्या म्हणायच्या, "काय करलालीस गं, वाच की पुढं."

एकदा मात्र त्यांनी मला मध्येच थांबवलं. दोन बायका कट्टे बांधताना बोलतात असा प्रसंग होता. अक्का म्हणाल्या, "मोजताना कोण बोलतंय का?" पंचवीस बिड्यांचा कट्टा बांधताना तोंडात आकडा असतो, बोलणं तुटतं, आणि कट्टा बांधून झाला की नेमकं तुटलं होतं तिथून पुढे सुरू होतं. मी तो प्रसंग त्याच चालीवर बसवला. अर्धं वाक्य, मग मोजणं, मग उरलेलं वाक्य. आणि मधल्या त्या मोजण्यात ऐकणारीला विचार करायला जो वेळ मिळाला, त्यात प्रसंगाचा अर्थच पालटला. शेजारीण म्हणते, "तुझ्या नवऱ्याला काल मी", आणि मग पंचवीसपर्यंत मोजते. तेवढ्या वेळात नायिकेच्या, आणि वाचकाच्या, मनात काय काय येऊन जातं! ही युक्ती मला कुठल्या पुस्तकात सापडली नसती. ती त्या कामातच होती.

नव्या लेखकांच्या गप्पांत 'कोसला'चा विषय निघतोच. भालचंद्र नेमाड्यांनी 1963 मध्ये, पंचविशीत, ती अवघ्या काही दिवसांत लिहून काढली, ही गोष्ट आम्ही एकमेकांना सांगत असतो आणि आपापल्या संथपणाने खचत असतो. मला त्या वेगाचं कारण वेगळं दिसतं. पांडुरंग सांगवीकरचा आवाज एकदा लागल्यावर कादंबरी लिहायची उरत नाही, ती ऐकायची उरते. बाकी सगळा वेळ तो आवाज लागण्यात जातो, आणि तो वेळ कुणाच्या नोंदीत नसतो. माझी कादंबरी तृतीय पुरुषी निवेदनात अडखळत होती, निवेदक बाई फार शहाणी होती. ज्या दिवशी निवेदन नायिकेच्या धाकट्या मुलीकडे गेलं, जी आईशेजारी बसून नुसती पानं कापून देते आणि सगळं ऐकते, त्या दिवसापासून पहाटे वही उघडायला मला कधी बळ लावावं लागलं नाही. मुलं घरात ऐकत असतात आणि त्यांच्यासमोर बोलू नये हे बायका विसरतात. निवेदकाला याहून चांगली जागा कुठली असणार?

आता दुसऱ्या कादंबरीचं चाललंय. ती यंत्रमागावरच्या कामगारांची आहे, टॉवेलच्या कारखान्यातली. मालकांची परवानगी घेऊन मी सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बसते. अडचण अशी की माग चालू असताना तिथे काही ऐकूच येत नाही. माणसं ओठांच्या हालचालींवरून आणि हाताच्या खुणांनी बोलतात: तार तुटली, कांडी संपली, मालक आला, चहाला चल. चेष्टामस्करीही होते, भांडणंसुद्धा, आणि इथे मात्र सगळी एकमेकांच्या तोंडाकडे टक लावून बघत असतात. बिडीच्या घरातलं मी शिकलेलं काहीच इथे चालत नाही. खुणांचं मराठी कसं लिहायचं, अवतरण चिन्हांत की चिन्हांशिवाय, हे मला ठरवता आलेलं नाही. तिथला एक वयस्कर कामगार मला खुणा शिकवतोय, आणि वहीच्या उजव्या बाजूच्या पानांवर सध्या शब्दांऐवजी हातांची चित्रं आहेत.